चाकूची क्लिप

भाच्याने टेबलावर बोटाएवढी पोलादी पट्टी ठेवली आणि शेजारी दोन बारके स्क्रू. "मामा, तुझ्या ओपिनेल चाकूला खिशाला अडकवायची क्लिप बसवू या. किती वेळ खिसा चाचपत उभा असतोस!"

चाचपतो खरा. आधी किल्ल्या लागतात, मग सुटे पैसे, मग वाण्याने रुपयाऐवजी हातावर टेकवलेली चॉकलेटची गोळी, आणि सगळ्यांच्या तळाशी तो. तोवर समोरचा माणूस दातांनी पार्सलची चिकटपट्टी तोडून मोकळा झालेला असतो. त्याला आपले दात प्रिय नसतील तर मी काय करणार?

हा चाकू भाच्यानेच फ्रान्सहून आणलेला. आल्प्सच्या कुशीतल्या सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल नावाच्या तरुणाने १८९० मध्ये तो घडवला. घराणं अवजारं करणाऱ्यांचं. पुढे १८९७ मध्ये लहानापासून मोठ्यापर्यंत १ ते १२ असे आकार आले. माझा ८ नंबरचा, पातं साडेआठ सेंटिमीटर. १९५५ मध्ये त्याच्या मानेशी एक फिरती कडी आली, पातं उघडलं की ते जागच्या जागी अडकवणारी. बाकी रूप जवळजवळ तेच. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची. पावसाळ्यात ती फुगते आणि पातं आत रुतून बसतं. मग मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, पात्याचं टोक बाहेर डोकावतं. सॅव्हॉयचे शेतकरीही हेच करत आले आहेत म्हणे. आषाढात आमच्याकडे पेरू कापण्याआधी ही ठोकाठोक होतेच, आणि बायको आतून विचारते, "कोण आलं?"

आता अशा गोल, मधे फुगलेल्या मुठीवर सपाट पट्टी बसायची कशी? भाच्याकडे उत्तर तयार. कानशीने थोडा भाग सपाट करायचा, आधी बारीक भोक पाडायचं, मगच स्क्रू, नाहीतर लाकूड तडकतं. सगळं पटलं. पण जाड पुठ्ठा कापताना मूठ आवळली की ती पट्टी तळव्यात रुतणार, हे त्याच्या व्हिडिओत कुणी सांगितलेलं दिसत नाही.

क्लिपचं हे वेड अमेरिकेतलं. १९८१ मध्ये स्पायडर्को कंपनीने क्लिपवाला घडीचा चाकू काढला आणि बघता बघता सगळ्यांनीच खिशाच्या काठाला चाकू लटकवायला सुरुवात केली. त्याआधी तिकडचा तो प्रसिद्ध, पितळी टोकांचा वजनदार बक ११० लोक चामड्याच्या म्यानात घालून पट्ट्याला लावत. खुद्द ओपिनेलच्या १ नंबरला, त्या सगळ्यात चिमुकल्याला, साखळीत अडकवायची कडी होती. तो नंबरच पुढे बंद झाला. म्हणजे अडकवायची हौस त्यांनाही होतीच.

आणि आमच्याकडे? माझं आजोळ वेंगुर्ल्याच्या बाजूला. तिथे नारळ पाडायला पाडेली यायचा. उघडं अंग, कमरेला दोरी, दोरीला मागच्या बाजूने लाकडाची आकडी आणि आकडीत कोयता. तसाच उघडा. पायांत दोरीचा फास घालून तो सरसर माडावर चढायचा आणि आम्ही पोरं माना मागे टाकून बघत राहायचो. सगळ्यांचं लक्ष नारळ पडतात कुठे याकडे; माझं त्या हाताकडे. वर पोचला की हात मागे जायचा, कोयता पुढे यायचा, दोन घाव, धप्प धप्प, आणि हात परत मागे. मागे वळून बघणं नाही, चाचपणं नाही. एवढ्या उंचीवर, एका हाताने माड धरलेला, दुसऱ्या हाताने पाठीमागच्या बोटभर फटीत ते धारदार पातं बरोबर जाऊन बसायचं. मी चड्डीवर करगोटा बांधून त्यात मागे फूटपट्टी अडकवायचा सराव करत असे. फूटपट्टी दर वेळी चड्डीत जायची. आजी हसायची. तिच्या स्वतःच्या कमरेला चांदीचा छल्ला खोचलेला असे, कोठीच्या किल्ल्या त्याला. तिनेही कधी किल्ल्या शोधल्याचं मला आठवत नाही.

यावरून खिशाबद्दल काहीतरी मोठं सांगता येईल असं मला दुपारभर वाटत होतं. चहा झाल्यावर वाटेनासं झालं.

क्लिप बसली. सुबक बसली. मूठ खिशात आत, बाहेर फक्त चकचकीत पट्टी. दुसऱ्याच दिवशी बँकेत स्लिप भरणाऱ्या एका काकूंनी तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, "जरा पेन देता का?" क्लिप दिसली की आत पेन असणार, हा आपल्या पिढीचा संस्कार. माझे वडील सदऱ्याच्या खिशाला शाईचं पेन लावत तेव्हा त्यांच्या चेहऱ्याइतकंच लोक त्या क्लिपकडे बघून बोलत. मी "नाही हो" म्हणालो. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेनसुद्धा न देणारा माणूस ठरलो.

तो पाडेली तसाच कोयता पाठीला लावून शनिवारच्या बाजारात सुकट घ्यायला जायचा. हॉटेलात बाकड्यावर बसून चहा प्यायचा. त्याला कधी कुणी काही विचारलं नाही. हल्ली पुण्यात कोयता म्हटलं की वर्तमानपत्रातलंच काहीतरी आठवतं, आणि दुकानातून विळी-कोयता घेतानाही माणूस जरा इकडेतिकडे बघून घेतो. त्यामुळे परवा मॉलच्या दारात रखवालदाराने माझ्या खिशाकडे बोट केलं तेव्हा त्याचा राग आला नाही.

"हे काय?"

"चाकू."

"कशाला?"

"पेरू कापायला."

त्याने माझी पिशवी उघडली, आतून हात फिरवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "पेरू कुठंय?"