उन्हाळी सोनो फँटम: जेलॅटिनला चायना ग्रासची जोड

सोनो फँटम म्हणजे सोनोग्राफी बघत सुई टोचायच्या सरावाचा ब्लॉक, आत शीर आणि धमनी म्हणून नळ्या. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा 42 च्या पुढे गेला की निव्वळ जेलॅटिनचा ब्लॉक टेबलावर टिकत नाही. जेलॅटिन 30 ते 35 अंशांतच सैल पडतं. कडा पाझरतात, आतली नळी कलते आणि सुईचा कोन शिकवण्यात अर्थ उरत नाही. म्हणून मृगापर्यंत मिश्रण बदललंय.

1 लिटर पाण्याला सध्याचं प्रमाण: 250 ब्लूमचं (ब्लूम म्हणजे जेलच्या घट्टपणाचं माप) जेलॅटिन 80 ग्रॅम, चायना ग्रास पावडर 10 ग्रॅम, बिनसाखरेचं इसबगोल 10 ग्रॅम; त्यानेच स्क्रीनवर शरीरासारखा करडा पोत येतो. पाणी उकळून गार केलेलंच, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते.

250 मिली पाण्यात जेलॅटिन अर्धा तास भिजवा. उरलेल्या 750 मध्ये चायना ग्रास उकळून पूर्ण विरघळवा, 60 अंशांवर आलं की जेलॅटिन मिसळा. फ्रीजच्या पाण्यात भिजवलेलं घातलं तर चायना ग्रास जागच्या जागी गोठून गाठी होतात. उलट, जेलॅटिन उकळलं तर त्याची पकडच जाते. मग इसबगोल चाळणीतून भुरभुरवत चमच्याने हळू ढवळा. रवी लावलीत की फेस आलाच, आणि एकेक बुडबुडा स्क्रीनवर पांढरा ठिपका अन् त्याखाली सावली. 45 अंशांवर ओता. जास्त गरम असेल तर इसबगोल तळाशी बसतं, वरचा भाग काळाभोर दिसतो.

शिरेसाठी लांबट फुगा, धमनीसाठी जाड भिंतीची 6 मिमी लॅटेक्स नळी. दोन्ही लाल पाण्यात बुडवूनच भरा आणि बांधा, हवा राहता कामा नये. प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) दाबला की शीर मिटते, धमनी मिटत नाही. सेंट्रल लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत नळी घालण्याच्या, सरावात हा फरक दिसलाच पाहिजे.

तोटेही आहेत. ब्लॉक ठिसूळ होतो, सुईची वाट बुजत नाही. निव्वळ जेलॅटिन गरम पाण्यावर ठेवून पुन्हा ओतता येतं; इथे 85 अंशांच्या वर न्यावं लागतं आणि प्रत्येक खेपेला जेलॅटिन कमजोर होतं.

दुसरा पर्याय मिनरल ऑइलचं जेल, ते उन्हात वितळत नाही. पण त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 1450 मीटर, आणि मशीन 1540 धरतं. म्हणून 3 सेंमी खोलवरची नळी 3.2 वर दिसते. ब्लॉकची तपासणी मात्र पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदलेल्या मशीनवर, नोंदलेल्या जागीच. पुढची चाचणी तेलाच्या जेलचीच.