एकाच कंपनीत आयटी आणि थालीपीठ भाजणी: माझा अनुभव

२०२४ च्या उन्हाळ्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढचं लवकर मिळेना. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते आणि बिझनेस अ‍ॅनालिस्टचं काम स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून करते. रिकाम्या दिवसांत मैत्रिणींना थालीपीठ भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करून दिला. एकीने दुसरीला सांगितलं आणि बघता बघता अनोळखी लोकांचेही फोन यायला लागले. मग ठरवलं की हे रीतसर करायचं. हाताशी कंपनी होतीच.

पुण्याहून भाऊ म्हणाला, "ताई, आधी मेमोरँडममधले ऑब्जेक्ट्स, म्हणजे कंपनी कुठला धंदा करणार ते, बदलून घे." भारतातल्या सवयीने त्याचं बरोबर होतं. इथे मात्र ऑक्टोबर २००९ पासून, आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) बंधन घातलेलं नसेल तर कंपनीला कुठलाही कायदेशीर धंदा करता येतो. कंपनीज हाउसला (कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कचेरीला) कन्फर्मेशन स्टेटमेंट, म्हणजे दरवर्षीचं माहितीपत्रक, भरताना धंद्याचा प्रकार सांगणाऱ्या ६२०२० या आयटी सल्ल्याच्या कोडसोबत आणखी एक कोड जोडला. चारपर्यंत कोड चालतात. पाकिटावर ब्रँडचं नाव घातलं, पण इनव्हॉइसवर कंपनीचं नोंदलेलं नावही लागतंच.

कौन्सिलकडे (इथल्या नगरपालिकेकडे) खाद्य व्यवसायाची नोंदणी सुरुवातीच्या २८ दिवस आधी करायची असते, ती फुकट होते. तपासणीला आलेल्या बाई माझ्या ओट्याशी उभ्या राहून एकेक डबा उघडून बघत होत्या. गोड्या मसाल्यात तीळ आहेत हे मी सांगितलं. त्यांनी हिंगाची डबी उलटी केली आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: गव्हाचं पीठ. इतकी वर्षं हिंग वापरतेय, पण ते कधी वाचलंच नव्हतं. इथे १४ अ‍ॅलर्जीकारक घटक लेबलवर ठळक छापावे लागतात आणि त्यात गहू, तीळ, मोहरी तिन्ही येतात. छापून तयार असलेली सगळी लेबलं मी त्याच रात्री फाडली.

खरा फटका व्हॅटचा बसला. कंपनी आधीपासून व्हॅटमध्ये होती, तीही फ्लॅट रेट योजनेत, म्हणजे खरेदी-विक्रीच्या व्हॅटचा वेगळा हिशेब न मांडता उलाढालीची ठरलेली टक्केवारी भरायची. जुन्या अकाउंटंटने सांगितलं होतं, "पीठ, मसाले शून्य दराचे, काळजी नको." गिऱ्हाइकाकडून व्हॅट घ्यायचा नाही, एवढ्यापुरतं ते खरंच होतं. पण फ्लॅट रेटमध्ये ठरलेली टक्केवारी कंपनीच्या सगळ्या उलाढालीवर लागते, शून्य दराच्या विक्रीवरसुद्धा. शिवाय धंदे दोन असले तरी दर एकच, ज्याची उलाढाल जास्त त्याचा. सप्टेंबरात मला नवं कॉन्ट्रॅक्ट मिळालं होतं, म्हणून माझा दर आयटी सल्ल्याचा, १४.५ टक्के. त्या तिमाहीत भाजणी-मसाल्याची विक्री २,४०० पौंडांची झाली आणि त्यातले ३४८ पौंड सरकारला गेले. डाळी भाजून, दळून, पाकिटं भरून मागे जे उरत होतं, त्यातला मोठा वाटा असा गेला. रडायला आलं, खरं सांगते.

मी अकाउंटंट बदलला. नव्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "व्हॅट कुठल्या पद्धतीने भरता?" तिमाही संपताच त्यांनी एचएमआरसीला (इथल्या कर खात्याला) पत्र लिहून मला फ्लॅट रेटमधून बाहेर काढलं. बाहेर पडल्यावर १२ महिने परत जाता येत नाही, तरी हरकत नव्हती. आता पिठावर शून्य, आणि दळणयंत्रावर भरलेला व्हॅट परत मिळतो.

आयआर३५ म्हणजे स्वतःच्या कंपनीतून काम करणारा प्रत्यक्षात नोकरासारखाच असेल तर त्याला नोकरासारखा कर लावणारा नियम. दुसरा धंदा असला की त्यातून सुटका होते, असं दोघातिघांनी सांगितलं होतं. बाईंनी तेही खोडून काढलं. प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट त्याच्या त्याच्या अटींवर तपासलं जातं, आणि एप्रिल २०२१ पासून मोठ्या व मध्यम क्लायंटच्या बाबतीत तो निर्णय क्लायंटच घेतो. माझी भाजणी कोण विचारणार?

वर्षभर दोन्ही धंदे एकाच कंपनीत चालवले. पुढच्या गणपतीत घरगुती जेवणाच्या ऑर्डरी आल्या आणि मी थबकले. गरम जेवणावर २० टक्के व्हॅट, तो एक हिशेब. पण मला झोप लागेना ती वेगळ्याच कारणाने. माझी जुनी विमा पॉलिसी फक्त सल्ल्याच्या कामाची होती. खाण्यासाठी पब्लिक आणि प्रॉडक्ट लायबिलिटी (आपल्या धंद्यामुळे किंवा मालामुळे कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा) वेगळी घेतली होती, पण कुणाला तिळाची रिअ‍ॅक्शन येऊन दावा विम्याच्या पलीकडे गेला, तर कॉन्ट्रॅक्ट नसलेल्या महिन्यांसाठी साठवलेले पैसे त्याच कंपनीत पडलेले होते.

म्हणून खाण्याची कंपनी वेगळी काढली. त्याची किंमत आहे: दोन्ही कंपन्या माझ्याच ताब्यातल्या, त्यामुळे कंपनीच्या नफ्यावर १९ टक्के या कमी दराने कॉर्पोरेशन टॅक्स लागण्याची ५०,००० पौंडांची मर्यादा निम्मी झाली, प्रत्येकीला २५,०००. हिशेबही दोनदा. नवऱ्याने विचारलं, "परवडेल का गं?" आम्ही आकडे मांडून बसलो आणि परवडेल असं दिसलं.

चालवणारी कंपनी बदलली म्हणून कौन्सिलची नोंदणी पुन्हा करावी लागली. तपासणीला बाई येतील तेव्हासाठी हिंगाची डबी पुढेच काढून ठेवली आहे.