संगमावरचा धूर

चार दिवस झाले, वहिनीशी धड बोलले नाही. रंगाचं काम काढलं म्हणून तिने माळा रिकामा केला आणि माझ्या सहा वह्या रद्दीत गेल्या. "अगं, पानं पिवळी पडलेली, मला वाटलं शाळेतल्या असतील." तिची चूक नाही, हे कळतं. तरी रात्री डोळा लागत नाही. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे वकील, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन; त्याच्यावरची सगळी टिपणं त्यांत होती. बाबांनी सांगितलेलंही काही होतं, पण ते जाऊ दे.

सारखी ५ नोव्हेंबर १८१७ ची दुपार आठवते. पेशव्यांची फौज चालून येताना दिसली तसा एल्फिन्स्टन पुण्यातल्या संगमावरची रेसिडेन्सी, म्हणजे त्याचा बंगला, सोडून नदीपलीकडे खडकीच्या वाटेला लागला आणि मागे बंगला पेटला. पुस्तकं, कागद, सगळं गेलं. उरले ते अंगावरचे कपडे. पहाटे उठून ग्रीक वाचणारा माणूस तो. सोळाव्या वर्षी घर सोडून आलेला, लॉर्ड घराण्यातला चौथा मुलगा. त्या धुराकडे बघताना त्याला काय वाटलं असेल, हे मला परवा पहिल्यांदा नीट कळलं. कळलं, आणि रडूच आलं. माझं कुणालाच काही वाटत नाही, असंही वाटून गेलं.

मग मध्यरात्री एकदम खटकलं. मी रडते आहे कुणासाठी?

पेशवाई बुडाल्यावर पुण्यात इंग्रजांविरुद्धचा कट उघडकीला आला, तेव्हा याच माणसाने त्यातल्या म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं. मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरने सुचवलं, कायद्याचं संरक्षण मागून घे. याने नकार दिला. माझं चुकलं असेल तर मला शिक्षा व्हावी, नसेल तर संरक्षण कशाला, असं त्याचं म्हणणं. वहीत हे मी लाल शाईने लिहिलं होतं आणि बाजूला 'केवढा ताठ कणा!' असा शेरा मारला होता. तो शेरा आठवला की आता पोटात कालवतं. त्या माणसांची नावं शोधायचं मला एवढ्या वर्षांत सुचलं नाही. त्याच्या जळालेल्या पुस्तकांची मात्र हळहळ वाटत राहिली.

आणि तरी तो माणूस मनातून जात नाही. त्याच्या हाताखालच्या ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने त्याच्या तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून विचारलं, ही कशाला? तो म्हणाला, इथल्या लोकांना शिकवायला; पण हाच आमचा युरोपला परतायचा हमरस्ता आहे. आपलं राज्य यानेच जाणार हे ओळखूनही मुंबईचा गव्हर्नर असताना, १८१९ ते १८२७, त्याने शाळा काढल्या, पुस्तकं छापवली. पुढे गव्हर्नर जनरलचं पद दोनदा चालून आलं तरी नको म्हणाला आणि इंग्लंडमध्ये वाचत-लिहीत राहिला. तोफ त्याची आणि तो ढीगही त्याचाच. यातलं एक खोडून मला दुसरं ठेवता येत नाही. आज पहिल्यांदाच तसा प्रयत्नही केला नाही.

संध्याकाळी वहिनीने न बोलता चहा आणून ठेवला. शेजारी दोनशे पानी वही, किमतीची चिठ्ठी अजून तशीच. मी म्हटलं, "बस ना जरा." बसली.

उद्या पेशवे दप्तरात जाते. आधी ती नावं.