वहीतल्या चोवीस नोंदी

बुधवार, रात्री साडेदहा

सकाळी लेकीवर ओरडलो. कारण काय, तर बुटाची नाडी. ती जमिनीवर बसून नाडीचे दोन कान करत होती. एक जमला की दुसरा सुटायचा. मी दाराशी किल्ली घेऊन उभा. ‘‘अजून किती वेळ लावणार आहेस?’’ वाक्य एवढंच, पण ज्या आवाजात ते निघालं तो आवाज दिवसभर माझ्या कानात होता. तिने मान वर केली नाही. बोटं नाडीवर क्षणभर थांबली, मग तिने दोन्ही टोकं बुटात कोंबली आणि नाडी न बांधताच उठली.

ते कोंबणं डोळ्यांपुढून हलत नाही.

तीन आठवडे झाले, मी रागाची वही ठेवतोय. वेळ, कोणावर, कशावरून, आणि आवाज चढायच्या आधी अंगात काय झालं, असे चार रकाने. शेवटचा रकाना पहिले आठ दिवस कोराच राहिला. राग आलाय हे मला माझाच आवाज ऐकून कळायचं. आता थोडं आधी कळतं. आधी जबडा आवळतो. मग कानाच्या पाळ्या तापतात. श्वास वरच्यावर चालतो, पोटापर्यंत पोचतच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली असं आपण सहज म्हणून जातो. ती वाटेत कुठे कुठे थांबते, हे मी चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा बघतोय.

मघाशी सगळी वही सलग वाचली. चोवीस नोंदी. लेकीवर चौदा, बायकोवर सहा, फोनवर आईवर तीन. उरलेली एक रांगेतल्या अनोळखी माणसावर. वरिष्ठांवर एकही नाही.

इथे मी बराच वेळ अडकून बसलो. कारण याच तीन आठवड्यांत त्यांनी भर बैठकीत माझं काम सगळ्यांसमोर मोडीत काढलं होतं. तेव्हाही जबडा आवळला होता, कान तापले होते, सगळं अगदी तसंच. आणि मी म्हणालो, ‘‘बरोबर आहे सर, बघतो.’’ शांतपणे. म्हणजे ‘मला राग आवरत नाही’ हे मी इतकी वर्षं घरात सांगत आलो ते खरं नव्हतं. मला राग आवरतो. जिथे आवरला नाही तर मला किंमत मोजावी लागेल, तिथे उत्तम आवरतो. घरात ती किंमत दुसरं कोणी मोजतं. वड्याचं तेल वांग्यावर ही म्हण लहानपणापासून ऐकतोय, पण ते वांगं म्हणजे सात वर्षांची मुलगी, हे आज वहीत दिसलं.

सकाळच्या नोंदीत ‘कशावरून’ खाली मी ‘उशीर’ लिहिलं होतं. ते खोडून आता ‘भीती’ लिहिलंय. उशिरा पोचलो तर पुन्हा सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागेल, ही भीती. 1915 मध्ये वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने मांडलं होतं की भय आणि राग या दोन्हींत शरीराची तयारी जवळपास एकच असते. अॅड्रेनलिन रक्तात उतरतं, ठोके वाढतात, रक्तातली साखर वाढते, पचन मंदावतं. अंग तेच सांगत असेल, तर त्याला राग म्हणायचं की भीती, हे माझं मलाच तपासून पाहायला हवं. मी आजवर तपासलं नाही. भ्यालो म्हणण्यापेक्षा चिडलो म्हणणं मला नेहमी सोपं गेलं.

पूर्वी वाटायचं, राग एकदा बाहेर पडू द्यावा म्हणजे मन मोकळं होतं. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने 2002 मध्ये सहाशे विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग वाचला आणि ते मत सोडलं. ज्याने चिडवलं त्याला मनात आणून जे पंचिंग बॅगवर ठोसे मारत होते ते सगळ्यांत जास्त धुमसत राहिले. जे दोन मिनिटं काही न करता नुसते बसले ते जास्त निवळले. ओरडून झाल्यावर मला कधीच हलकं वाटलेलं नाही, हे खरं तर मला आधीच ठाऊक होतं. राग गिळावा असं मात्र मी म्हणणार नाही. रांगेतल्या त्या माणसाने एका म्हाताऱ्या बाईंना ढकललं होतं, आणि त्याला मी जे बोललो त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. ती नोंद तशीच राहू दे.

सध्या हाती लागलेला उपाय साधा आहे. जबडा आवळला की मनात नाव घ्यायचं : ही भीती, हा अपमान, हा थकवा. नुसतं ‘राग’ म्हणून भागत नाही. आणि श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, त्याने ठोके उतरतात. चोवीसपैकी चार वेळाच जमलं. सकाळी नाही जमलं.

रात्री लेकीच्या खोलीत गेलो. ‘‘सकाळी तुझं काही चुकलं नव्हतं. मला उशिराची भीती वाटत होती आणि मी ती तुझ्यावर काढली,’’ म्हणालो. पुढे ‘पण तूही’ असं काहीतरी तोंडाशी आलं होतं, ते थांबवलं.

ती थोडा वेळ पांघरुणाचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, ‘‘बाबा, मला येते बांधता. तू बघत असलास की येत नाही.’’

मी काहीच बोललो नाही. ती उठली, बूट घेऊन आली आणि मला म्हणाली, भिंतीकडे तोंड कर. मी केलं. मागे नाडी सरकल्याचा आवाज, मग थांबली, मग पुन्हा सरकली. दोनदा सुटली असावी. मी वळलो नाही.

‘‘आता बघ,’’ ती म्हणाली.