मिस्टर काय करतात? चार वर्षांच्या गॅपनंतर नोकरी मिळवताना

पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, तळेगाव या कारखान्यांच्या पट्ट्यात मी पुन्हा नोकरी शोधत होते तेव्हा मला कुणीही उद्धटपणे बोललं नाही. सगळ्यांनी चहा विचारला, बसायला चांगली खुर्ची दिली, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये माझे हाल होतील म्हणून काळजी केली. त्या काळजीतच माझा निकाल लागत होता. म्हणून हे लिहिते आहे. अपमान झाला तर माणूस निदान चिडतो. इथे आपल्या भल्याचं म्हणून आपल्या वतीने कुणी दुसराच ठरवून मोकळा होतो.

मी मूळची अंबाजोगाईची. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग डिग्री, आणि भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचं काम. आधी इनकमिंग तपासणी, नंतर कस्टमर कम्प्लेंट आणि पीपॅप, म्हणजे नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याचं काम. मुलगा झाल्यावर चारेक वर्षं घरी होते. तो बालवाडीत जायला लागला तसा बायोडेटा काढला.

पहिल्या काही मुलाखतींत एक क्रम ठरलेला दिसला. कामाचे दोन प्रश्न, की लगेच "मिस्टर काय करतात?" मग "मुलाला कोण सांभाळतं?", "सासू-सासरे सोबत असतात का?" आणि आवाज थोडा खाली आणून, "सेकंड इश्यूचं काही प्लॅनिंग?" हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांच्या विचारण्यात वाईटपणा अजिबात नव्हता. त्यांना हिशोब करायचा होता. 2017 मध्ये कायदा बदलून प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, मर्यादेपेक्षा बाईचा पगार जास्त असेल तर त्या रजेचा पगार मालकालाच द्यावा लागतो. चांगला कायदा आहे, मला हवाच आहे. पण खर्चाचा सगळा भार एकट्या मालकावर टाकला की तो मुलाखतीच्या टेबलावरच टाळायचा मोह होतो, आणि ते कुठल्याही कागदावर येत नाही. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करू नये हे 1976 च्या समान वेतन कायद्यातच लिहिलं गेलं होतं. मला मात्र दर वेळी एवढंच कळवलं गेलं, की प्रोफाइल मॅच होत नाही.

एका ठिकाणी वयस्कर प्लँट हेड होते. म्हणाले, "शिफ्ट रोटेशन आहे, तुम्हाला रात्रपाळी कशी सांगणार?" 1948 च्या कारखाना कायद्यात बायकांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामाला मनाई होती, हे खरं, पण आता संमती आणि सुरक्षेच्या अटी पाळून परवानगी मिळते. मी म्हटलं, सर, मी तयार आहे, कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावरूनच जाते. ते हसून म्हणाले, "आज म्हणता, पण घरचे नाही म्हणतील." घरच्यांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

त्याच सुमारास माझे मिस्टरही नोकरी बदलत होते. मूल तेच, घर तेच, पण त्यांना मुलाला कोण सांभाळतं हे एकाही ठिकाणी विचारलं गेलं नाही. अमेरिकेत शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये हेच तपासलं होतं. सारख्याच पात्रतेच्या अर्जांत फक्त मूल असल्याची खूण ठेवली, तर आयांना बोलावणी कमी आली; बापांचं काही बिघडलं नाही.

दुसरा प्रकार जास्त बोचला. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून फारसं काही कळत नाही. मग चौकशी सुरू होते. गाव कोणतं, गावात कुठल्या भागात घर, शेती किती, पाहुणे कुठले. आपल्याकडे वाढलेल्या कुणालाही या प्रश्नांचा रोख समजतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी आपल्याच देशात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. तेही 2007 मध्येच प्रसिद्ध झालं. माझी जात मी त्या टेबलावर सांगितली नाही आणि इथेही लिहीत नाही. मोजमापाचा व्हर्निअर धरायला ती लागत नाही.

शेवटी जिथे लागले तिथली मुलाखत सविस्तर सांगते. सगळ्या उमेदवारांना एकच ड्रॉइंग आणि लेथवर टर्न केलेला एकच बुश, म्हणजे पोकळ नळीसारखा भाग, दिला. आत 25 एच7 चा बोअर होता, म्हणजे 25 मिलिमीटर व्यासाचं भोक, त्यात चालणारा फरक अधिक 21 मायक्रॉन (0.021 मिलिमीटर), उणे शून्य. टेबलावर व्हर्निअर ठेवला होता, 0.02 मिलिमीटर लीस्ट काउंटचा, म्हणजे त्याहून बारीक त्याला मोजता येत नाही. त्याने हा बोअर पास की रिजेक्ट हे ठरवता येत नाही, म्हणून मी भोक बारकाईने मोजणारा बोअर गेज आणि तो जुळवायची सेटिंग रिंग मागितली. त्यांनी काही न बोलता कपाटातून काढून दिली. मग एक कस्टमर कम्प्लेंट वाचायला दिली आणि त्यावरचे प्रश्न छापील कागदावरून, सगळ्यांना त्याच क्रमाने. मुलाखत घेणारे तिघं जण होते. एकमेकांशी बोलण्याआधी प्रत्येकाने आपले मार्क लिहून टाकले.

गॅपबद्दल त्यांनीही विचारलं. पण प्रश्न असा होता: "या काळात क्वालिटीत काय बदललं, आणि तुम्हाला काय नव्याने शिकावं लागेल?" एफएमईएचं (काय बिघडू शकतं ते आधीच शोधायच्या पद्धतीचं) 2019 चं नवं हँडबुक आलं, त्यात आरपीएन (जोखमीचा आकडा) जाऊन ॲक्शन प्रायॉरिटी (उपायाची निकड) आली, ते मी घरी वाचलं होतं, प्रत्यक्ष वापरलं नव्हतं, तेही सांगितलं. गॅपबद्दल विचारायचंच असेल तर असं विचारावं. याचं उत्तर माझ्या हातात होतं. सासू-सासरे कुठे राहतात, याने माझं काम कुणाला कळणार होतं?

आता अधूनमधून मीही त्या तिघांत बसते. मागच्या भरतीत धाराशिवकडचा एक मुलगा आला होता. इंग्रजी अडखळत होतं, बोलताना हेल तिकडचा. तो बाहेर जाताच आमच्यातले एक जण म्हणाले, "कम्युनिकेशन कमी पडेल." पण त्यांनीच आधी लिहिलेले ड्रॉइंगचे मार्क त्या दिवसातले सगळ्यात जास्त होते, आणि कागद समोर होता. थोडा वाद झाला. मुलगा लागला, सध्या सीएमएमवर, म्हणजे सुट्या भागांची अचूक मापं घेणाऱ्या मशीनवर, ट्रेनिंग घेतो आहे.

आमच्याकडेही सगळं सुधारलेलं नाही. गेटवर भरून घेतल्या जाणाऱ्या अर्जात वडिलांचं किंवा पतीचं नाव, वैवाहिक स्थिती आणि मुलांची संख्या हे रकाने अजून आहेत, आणि तो अर्ज मुलाखतीआधी आम्हा तिघांच्या हातात येतो. पीएफच्या नॉमिनेशनला ती माहिती लागते, पण ती माणूस कामावर रुजू होताना. ते रकाने जॉइनिंगच्या कागदांत हलवावेत असा मेल मी एचआरला केला आहे. अजून उत्तर आलेलं नाही, म्हणून या सोमवारी स्वतः जाऊन भेटणार आहे.