टीएफडब्ल्यूएसची सीट की पुण्याचं नाव: इंजिनिअरिंग ॲडमिशनचा माझा अनुभव

मी २०२१ च्या बॅचचा. त्या वर्षी बारावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, त्यामुळे सगळं सीईटीवर, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेवर आलं, सीईटी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली आणि कॅप राउंड (मेरिट आणि पसंतीक्रमाप्रमाणे सीट वाटायच्या सरकारी ऑनलाइन फेऱ्या) सुरू झाले तेव्हा एसटीचा संप चालू होता. हे सांगायचं कारण म्हणजे आम्ही कॉलेजं बघायला गेलो ती सगळी पप्पांच्या स्प्लेंडरवर, पुण्यालासुद्धा. थंडीत पहाटे निघायचो, पप्पा कानाला मफलर बांधून पुढे आणि मी मागे डॉक्युमेंटची फाईल पोटाशी धरून.

मला ९५.८ परसेंटाइल होते, ओपनमधून. ब्रांच कॉम्प्युटरच पाहिजे होती. सीओईपी, व्हीजेटीआय या पुण्या-मुंबईतल्या टॉपच्या कॉलेजांचं कॉम्प्युटर ओपनला ९९ च्या बरंच वर थांबतं त्यामुळे तो विषयच नव्हता. माझ्यासमोर खरे पर्याय तीन होते. एक, पुण्यातलं प्रायव्हेट कॉलेज, ज्याचं नाव घेतलं की आमच्या गावातला माणूससुद्धा "अरे वा" म्हणतो. दोन, एक प्रायव्हेट युनिव्हर्सिटी, त्यांनी सीईटीच्या मार्कांवर ट्युशन फीमध्ये ५० टक्के स्कॉलरशिपचं ऑफर लेटर मेलवर पाठवलं होतं. आणि तीन, घरापासून चौतीस किलोमीटरवरचं एक कॉलेज, नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण तिथे मला टीएफडब्ल्यूएसची सीट लागण्यासारखी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्युशन फी वेव्हर स्कीम, एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेची. प्रत्येक ब्रांचच्या मंजूर जागांच्या ५ टक्के जागा जास्तीच्या असतात, आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे, जागा फक्त मेरिटवर भरतात आणि चारही वर्षं ट्युशन फी माफ. फक्त ट्युशन फी, हे नीट लक्षात ठेवा, डेव्हलपमेंट फी, परीक्षा फी, हॉस्टेल हे सगळं भरावंच लागतं. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या फॉर्ममध्ये, तिचा चॉईस कोड वेगळा असतो, शेवटी टी असतो. जागा थोड्या आणि मागणी जास्त म्हणून त्याच कॉलेजच्या ओपनच्या कटऑफपेक्षा टीएफडब्ल्यूएसचा कटऑफ बहुतेक वेळा वरच असतो.

आमच्या घरात पहिल्यांदा सगळ्यात जास्त आनंद झाला तो त्या युनिव्हर्सिटीच्या लेटरचा. रंगीत लेटर, वर माझं नाव, "अभिनंदन, तुमची निवड मेरिट स्कॉलरशिपसाठी झाली आहे" वगैरे. आईने त्याची प्रिंट काढून आणायला लावली, देव्हाऱ्यात ठेवली होती दोन दिवस. खरं सांगतो, मलाही वाटलं होतं की आपली कुणीतरी किंमत केली. मग एका रात्री मी ते पूर्ण वाचलं, दुसऱ्या पानावरचं बारीक अक्षरातलं पण. स्कॉलरशिप पुढच्या वर्षी चालू राहण्यासाठी सीजीपीए (ग्रेडची सरासरी) ८.५ च्या वर पाहिजे, एकही बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय नको, आणि एकदा गेली की परत मिळणार नाही. फी दरवर्षी वाढू शकते असंही एक वाक्य होतं. आणि सीट पकडून ठेवायला दहा दिवसांत पंचवीस हजार भरायचे, म्हणजे कॅपची पहिली यादी लागायच्या आधीच.

मी त्यांच्या काउन्सेलरला फोन करून सरळ विचारलं, की मागच्या वर्षी ज्यांना ही स्कॉलरशिप मिळाली त्यातल्या किती जणांची दुसऱ्या वर्षीही टिकली? त्यांनी विषय बदलला, कॅम्पस किती मोठा आहे, परदेशी युनिव्हर्सिटीशी टायअप आहे हे सांगायला लागले. परत विचारलं तर म्हणाले, "तू हुशार आहेस, तुझी टिकेलच." मला हे उत्तर नको होतं. ज्याला कुणाला असं लेटर आलंय त्याने हा एक प्रश्न नक्की विचारावा, आणि स्कॉलरशिप गेली तर पूर्ण फी भरायची ताकद घरात आहे का ते आधी बघावं. अजून एक गोष्ट, प्रायव्हेट युनिव्हर्सिटीला राज्य सरकारची ईबीसीची, म्हणजे निम्म्या ट्युशन फीची सवलत लागू होत नाही, त्यामुळे त्यांची ५० टक्के आणि सरकारची ५० टक्के असं दोन्ही मिळेल हा जो माझा गैरसमज होता तो तिथेच संपला.

पुण्याच्या कॉलेजला ईबीसी लागू होत होती. म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि ॲडमिशन कॅपमधून असेल तर ट्युशन फीच्या निम्मे पैसे सरकार देतं, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. आम्ही तिथे गेलो तेव्हा गेटमधून आत शिरतानाच मला ते कॉलेज आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. मोठी लायब्ररी, भिंतीवर कोडिंग क्लबची पोस्टर, मुलं पायऱ्यांवर लॅपटॉप घेऊन बसलेली. पण ऑफिसच्या खिडकीवर मॅडम म्हणाल्या, आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ. पप्पांनी विचारलं, कधी येतात? "सांगता येत नाही, कधी कधी वर्ष जातं." पप्पा काही बोलले नाहीत, परत येताना टोलनाक्याजवळ चहाला थांबलो तेव्हा फक्त म्हणाले, "एक लाख चाळीस एकदम कुठून आणायचे रे?"

त्या रात्री आम्ही हिशोब मांडला. पप्पा साखर कारखान्यात आहेत, तेव्हा पगार १८ हजार. माझ्या फिजिक्सच्या वहीचं मागचं पान होतं, त्यावर तीन रकाने आखले. पुणे: ईबीसी धरून निम्मी ट्युशन फी ६४ हजार, डेव्हलपमेंट १२ हजार, हॉस्टेल आणि मेस ९० हजार, बाकी सगळं मिळून १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८१ हजार, चार वर्षांचे ७ लाख २४ हजार. युनिव्हर्सिटी: स्कॉलरशिप चारही वर्षं टिकली तर ९ लाख ८० हजार, आणि पहिल्याच वर्षानंतर गेली तर १३ लाख ४० हजार, फीवाढ न धरता. जवळचं कॉलेज टीएफडब्ल्यूएसमधून, घरून जाऊन-येऊन: वर्षाला ४१ हजार, चार वर्षांचे १ लाख ६४ हजार.

आकडे लिहून झाल्यावर पप्पा बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. पुणे आणि जवळचं यातला फरक ५ लाख ६० हजार, म्हणजे त्यांचा अडीच वर्षांचा अख्खा पगार. घरात खायचं-प्यायचं काहीच न करता. कॉलेजची फी जाहिरातीत वर्षाची सांगतात आणि आपणही वर्षाचीच बघतो, चार वर्षांची हॉस्टेलसकट बेरीज केली की चित्र एकदम वेगळं दिसतं. प्रायव्हेट कॉलेजांच्या फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर असतात, ट्युशन आणि डेव्हलपमेंट वेगवेगळी दिलेली असते, तिथूनच घ्या, कुणाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

मामांचा मात्र पुण्यासाठी हट्ट होता. ते आईला फोनवर म्हणाले, "ताई, कर्ज काढा पण पोराला पुण्यालाच टाका, नावाला किंमत असते." मामांनी वाईट सांगितलं असं मी आजही म्हणणार नाही. एज्युकेशन लोनची चौकशी पण आम्ही केली, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हप्ते कोर्स संपून एक वर्ष झालं की सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं, हे बँकेतल्या साहेबांनी कागदावर काढून दाखवलं तेव्हा समजलं. मला भीती कर्जाची नव्हती एवढी, भीती ही होती की चार वर्षांनी नोकरी लागायला सहा महिने उशीर झाला तर हप्ता पप्पांच्या १८ हजारांतून जाणार, आणि धाकटी बहीण तेव्हा बारावीत असणार.

मग जवळच्या कॉलेजला मी दुसऱ्यांदा गेलो, यावेळी एकटा, ऑफिसात न जाता सरळ कँटीनमध्ये. थर्ड इयरची तीन-चार मुलं भेटली, त्यांना विचारलं. गेटवर फ्लेक्स होता सर्वात जास्त पॅकेजचा, एका मुलाचा फोटो. मी विचारलं बाकीच्यांचं काय? त्यांनी स्पष्ट सांगितलं, वर्गातल्या साधारण निम्म्या मुलांना कॅम्पसमधून मिळतं, बहुतेक त्या मोठ्या आयटी कंपन्यांत जिथे एकदम शेकडो मुलं घेतात, पॅकेज साडेतीन-चार लाखांच्या आसपास, प्रॉडक्ट कंपन्या, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या, येत नाहीत. दोन सर खूप चांगले आहेत, बाकी ठीक. लॅबचे पीसी जुने पण चालू. ब्रांचला एनबीए, म्हणजे दर्जा तपासून मिळणारी मान्यता आहे. एवढी खरी माहिती मला पुण्यात कुणी दिली नव्हती, त्यामुळे का कोण जाणे मला त्या मुलांवर विश्वास बसला.

आता ऑप्शन फॉर्म. मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि हीच बहुतेक मुलं सायबर कॅफेवाल्याच्या हातात सोडून देतात. आपल्याला वाटतं सीट लागली की मग बसून ठरवू कुठलं घ्यायचं. तसं नसतं. पहिल्या नंबरला लिहिलेलं कॉलेज लागलं की ते आपोआप फ्रीझ, मग पुढच्या राउंडला जाता येत नाही. म्हणजे निर्णय फॉर्म कन्फर्म करतानाच होतो. मी पुण्याचं ओपनचं कॉलेज पहिलं टाकलं असतं तर मागच्या वर्षीचा कटऑफ बघता ते लागलंच असतं, आणि वहीतला हिशोब वहीतच राहिला असता.

तर मी असं केलं. एक नंबरला त्याच पुण्याच्या कॉलेजचा टीएफडब्ल्यूएसचा कोड. तो लागणं कठीण आहे हे माहीत होतं, पण तीनशेपर्यंत पर्याय देता येतात, वरचा न लागणारा पर्याय टाकल्याने खालचं काही जात नाही. दोन नंबरला जवळच्या कॉलेजचा टीएफडब्ल्यूएस. तीनला पुण्याचं साधं ओपन. दोन आणि तीन खालीवर करण्यात माझे दोन दिवस गेले. माऊसने वर न्यायचो, परत खाली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पप्पा कामावरून आले, मी म्हणालो मी जवळचं वर ठेवलंय. ते म्हणाले, "माझ्यासाठी ठेवू नको, तुला पटत असेल तर ठेव." मी कन्फर्म केलं आणि मागे पडवीत जाऊन रडलो, हे आज पहिल्यांदा सांगतोय.

पहिल्या राउंडला दोन नंबर लागला. हजार रुपये भरून सीट स्वीकारली, बेटरमेंट (वरचा पर्याय लागतो का ते बघायला पुढच्या राउंडला जायची सोय) ठेवलं कारण वर फक्त तो पुण्याचा टीएफडब्ल्यूएस होता, हातातली सीट जाणार नव्हती. तो लागला नाही. आणि टीएफडब्ल्यूएसची एक अट आहे ती आधी माहीत असू द्या, या सीटवर ॲडमिशन घेतलं की नंतर कॉलेज किंवा ब्रांच बदलून मिळत नाही. "सेकंड इयरला पुण्याला ट्रान्सफर घेऊ" असं मनात असेल तर ते होणार नाही.

पहिलं वर्ष जड गेलं. पुण्याला गेलेले मित्र हॅकेथॉनचे फोटो टाकायचे आणि मी संध्याकाळी सहाच्या गाडीत उभा. आमच्याकडे शिकवणारं कुणी नाही असं नव्हतं, पण बरोबर धावणारं कुणी नव्हतं, मोठ्या कॉलेजचा खरा फायदा माझ्या मते तो आहे, आजूबाजूची पोरं. बिल्डिंग वगैरे नाही. ती कमी मी ऑनलाइन भरून काढायचा प्रयत्न केला, पूर्ण भरली नाही. वाचलेल्या पैशांतून सेकंड इयरला ६२ हजारांचा लॅपटॉप घेतला, आणि थर्ड इयरच्या सुट्टीत पुण्यात दोन महिने रूम घेऊन बिनपगारी इंटर्नशिप केली. कर्ज असतं तर बिनपगारी काम करायची हिंमत झाली नसती. कॅम्पसमधून मला काही मिळालं नाही. त्याच इंटर्नशिपच्या ओळखीवर बाहेरून इंटरव्ह्यू दिले, अकरा ठिकाणी नकार आला, २०२५ च्या जूनमध्ये पुण्यातल्या एका मध्यम कंपनीत लागलो. पुण्याच्या कॉलेजमधल्या माझ्या मित्रांपैकी दोघांचं पॅकेज माझ्या दुप्पट आहे, तिघांचं माझ्याएवढंच, एक अजून शोधतोय.

बहिणीचं ॲडमिशन पण २०२५ लाच झालं आणि मी तिला माझंच गणित लावणार होतो, पण तिचं गणित वेगळं निघालं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गांमधल्या मुलींना उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून घेतलेल्या ॲडमिशनला ट्युशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. तिचं त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट वेळेत काढलेलं होतं. तसंच त्या वर्षी चार राउंड झाले आणि नियम अजून कडक झाला, पहिल्या राउंडला पहिला पर्याय, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी कुठलाही, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी लागला तर तोच घ्यायचा. त्यामुळे पहिले सहा आम्ही चार दिवस बसून लिहिले, तीच फिजिक्सची वही काढून. तिला टीएफडब्ल्यूएसच्या मागे लागायची गरज नव्हती, जिथे अभ्यासाचं वातावरण चांगलं तिथे जाता येत होतं. तिने एक नंबरला तेच पुण्याचं कॉलेज टाकलं आणि पहिल्याच राउंडला लागलं.

हॉस्टेल आणि मेसचे पैसे मात्र भरावेच लागतात, त्यातले निम्मे आता मी देतो.