आमची वाटचाल : मोटार शोच्या दिव्यांखाली

आमची फर्म मोटार शोमध्ये मांडलेल्या गाड्यांची निगा राखते. हॉलमध्ये सुतारांचे हातोडे चालू असतात तेव्हा आम्ही आत शिरतो आणि शेवटची गाडी ट्रेलरवर चढल्यावर बाहेर पडतो. ओळखीच्यांना हे काम सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कारखान्यातून आलेल्या कोऱ्या गाडीला साफ काय करायचं? त्याचं उत्तर देता देता आमची सगळी वाटचाल सांगून होते.

सुरुवात साध्या डिटेलिंगने, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करून चमकवण्याच्या कामाने झाली. मी आणि माझा धाकटा भाऊ, एक भाड्याची शेड, प्रेशर वॉशर, पॉलिशिंग मशीन. जुन्या गाड्या यायच्या. उन्हाने विटलेला रंग, ब्रशने धुऊन धुऊन पडलेली ओरखड्यांची जाळी, सीटवरचे डाग. अशा गाडीत फरक लगेच दिसतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि करणाऱ्यालाही मशीनची गोडी लागते. रंगाला झळाळी आणणं हीच आपली कला, असं तेव्हा मनात पक्कं बसलं होतं.

शोचं काम आलं ते दुसऱ्याच्या हाताखाली. स्टँड, म्हणजे शोमध्ये कंपन्यांनी गाड्या मांडायच्या जागा, उभारणाऱ्या एका ठेकेदाराला रात्रपाळीला माणसं हवी होती. आम्ही मशीन घेऊन गेलो आणि तिथल्या सुपरवायझरने ती दारातच ठेवायला लावली. ‘या गाड्यांना फक्त जपायचं आहे,’ एवढंच ते म्हणाले. आमच्या धंद्याची दिशा त्या वाक्याने ठरली.

गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते. त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, बहुतेक गाड्यांवर ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर सगळी चमक उभी आहे तो केसापेक्षाही पातळ. पॉलिश करणं म्हणजे या थरातून थोडं खरवडून काढणं. एकदोन मायक्रॉन गेले तर बिघडत नाही, पण तो थर परत येत नाही, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणाराही तोच असतो. बोनेटच्या धारेवर आणि दाराच्या घडीवर तो आणखी पातळ असतो. जी गाडी एका शोनंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या हॉलमध्ये जाणार आहे, तिला दर वेळी मशीन लावलं तर वर्षभरात काय उरेल?

म्हणून शोमधलं खरं काम ओरखडा पडू न देण्याचं असतं. आणि ओरखडे पाडणारी गोष्ट हॉलभर उडत असते. गाड्या आत येतात तेव्हा स्टँडचं काम संपलेलं नसतं. प्लायवुड कापलं जातं, जिप्समच्या भिंती घासल्या जातात, कारपेटचे तंतू उडतात. गाडीवर पातळ प्लास्टिक असलं तरी ते काढताना सगळी धूळ तिच्यावरच येते. ही धूळ म्हणजे बारीक कण. त्यावरून कोरडं फडकं फिरवलं की रंगावर रेघा उमटल्याच. शिवाय कोरड्या घासण्याने स्थिर वीज तयार होते आणि पुसलेली जागा नवी धूळ ओढून घेते. काळ्या गाडीवर हे मिनिटभरात दिसतं.

काळं बोनेट पुसायचं कसं, हे आम्ही प्रत्येक नव्या मुलाला आणि मुलीला हात धरून दाखवतो. आधी टॉर्च तिरपा धरून बघायचं, धूळ किती आणि कसली. मग मऊ केसांच्या ब्रशने, दाब न देता, काचेकडून समोरच्या दिशेने ती उचलायची. ब्लोअर लावायचा नाही, कारण इथली धूळ शेजारच्या स्टँडवर बसते. मग डिटेलिंग स्प्रे, तोही थेट गाडीवर न मारता फडक्यावर. फडकं दोनदा दुमडून त्याच्या आठ बाजू करायच्या. एका बाजूने एकच हात, एकाच दिशेने, सरळ. मग बाजू बदलायची. गोल गोल फिरवायचं नाही. आठही बाजू झाल्या की फडकं बादलीत, नवं हातात. हाताचं वजन फडक्यावर टाकायचं नाही, फडक्याने आपल्या वजनावर सरकायचं. चांगल्या माणसालाही एका बोनेटला बराच वेळ लागतो, आणि तेवढा तो द्यावा लागतो.

दिव्यांचं गणित वेगळंच. उन्हात बरी दिसणारी गाडी हॉलमधल्या एलईडीखाली कोळ्याच्या जाळ्याने भरलेली दिसते. ओरखडे सरळच असतात, सगळ्या दिशांना पसरलेले. पण बिंदूसारख्या दिव्याचं प्रतिबिंब पडतं तेव्हा त्याच्याभोवती आडव्या येणाऱ्या रेघाच तेवढ्या डोळ्याकडे प्रकाश परतवतात, म्हणून वर्तुळं दिसतात. स्टँडवर असे दिवे शेकड्याने असतात आणि फोटोग्राफर नेमके त्यांच्या खाली उभे राहतात. त्यामुळे आम्ही तपासणी स्टँडचे दिवे लागल्यावरच करतो, आणि तीही गाडीभोवती फिरून, वाकून, फोटो जिथून निघणार त्या उंचीवरून.

बाकी बारीकसारीक कामं खूप. आगीच्या नियमांमुळे अनेक प्रदर्शनांत टाकीत इंधन अगदी कमी ठेवतात आणि बॅटरीची जोडणी काढतात. म्हणजे काचा खाली हव्यात की वर, सीट कुठे हवी, हे आधीच ठरवून घ्यावं लागतं. गाडी ढकलून जागेवर न्यायची, त्यामुळे ढकलणाऱ्यांचे हातमोजे स्वच्छ हवेत. चाकावरची चिन्हं सरळ उभी हवीत, म्हणून जॅकवर उचलून चाक फिरवायचं. टायरला पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंगच लावायचं आणि जास्तीचं टिपून घ्यायचं. तेलकट असेल तर पांढऱ्या कारपेटवर डाग उठतो. स्क्रीनला अमोनियाचं काच क्लीनर लावायचं नाही, वरचा थर जातो.

मॅट रंगाची गाडी आली की मला आजही जास्त काळजी वाटते. त्या रंगाचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो, म्हणून तो प्रकाश पसरवतो. एका जागी जोराने घासलं तर ती जागा चकाकते, आणि ती चकाकी काढायला तो भाग पुन्हा रंगवण्याशिवाय मार्ग नसतो. कॉन्सेप्ट गाड्यांचं, म्हणजे नुसती कल्पना दाखवायला बनवलेल्या गाड्यांचं, तर विचारूच नका. बऱ्याच जणी निव्वळ मॉडेल असतात, फायबरच्या अंगावर शोच्या तोंडावर मारलेला रंग. तिथे सॉल्व्हंट (रंग विरघळवणारा द्रव) असलेली कुठलीच बाटली जवळ न्यायची नाही. ज्यांनी ती बनवली त्यांनाच विचारायचं आणि ते सांगतील तेवढंच करायचं.

पहिल्यांदा एक अख्खा स्टँड आमच्या नावावर मिळाला तेव्हा आम्ही सगळ्यात जास्त पैसे फडक्यांत घातले. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे चिरलेले तंतू. रंगासाठी आम्ही ७०:३० प्रमाणाचं, शिवलेली कड नसलेलं वापरतो. रंगाचं फडकं वेगळं, काचेचं वेगळं, चाकांचं वेगळं, आणि प्रत्येकाचा धुण्याचा ढीगही वेगळा. फॅब्रिक सॉफ्टनर कधीच नाही, त्याने तंतूंवर थर बसतो आणि धूळ धरायची ताकद जाते. जास्त उष्णताही नाही. जमिनीवर पडलेलं फडकं रंगाला परत लागत नाही, कितीही झटकलं तरी. ‘ताई, हे पडलं,’ असं कुणी स्वतःहून येऊन सांगतं तेव्हा त्या मुलावर मी स्टँड सोपवू शकते. पडलेलं फडकं गुपचूप वापरणारा कितीही चपळ असला तरी आमच्याकडे टिकत नाही.

एका शोमध्ये स्टँडवरून गाडी उतरवताना दारावर लांब रेघ सापडली आणि स्टँडवाल्यांनी ती आमच्या नावावर घातली. भावाने गाडी आत येतानाचे टॉर्चखालचे फोटो काढून ठेवले होते. रेघ त्यात स्पष्ट होती. तेव्हापासून ताबा घेताना दोन्ही बाजूंच्या सह्यांसह नोंद करणं आम्ही करारातच घातलं. रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राचे आकडेही त्यात येतात. सुरुवातीला काहींना हा अविश्वास वाटला. आता तीच नोंद बघून कंपन्या आम्हाला पुन्हा बोलावतात.

मग २०२० आलं. १९०५ पासूनची परंपरा असलेला जिनिव्हाचा शो उघडायला काही दिवस उरले असताना, २८ फेब्रुवारीला स्विस सरकारने हजाराहून जास्त लोकांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली आणि तो रद्द झाला. त्यापाठोपाठ सगळीकडचे शो थांबले. आमच्यासारख्या फर्मला दुसरं उत्पन्न नव्हतं. खाजगी संग्रहातल्या जुन्या गाड्यांचं काम त्या काळात हाती घेतलं, आणि तिथे शोमध्ये शिकलेलंच उपयोगी पडलं. जुना मूळ रंग हीच अशा गाडीची किंमत, आणि तो राखणाराच मालकाला हवा असतो. ते काम आजही निम्मा डोलारा सांभाळतं. कामावरून कुणाला काढावं लागलं नाही, याचं मला आजही समाधान आहे.

शो पुन्हा सुरू झाले, पण पूर्वीसारखे नाहीत. बऱ्याच कंपन्या नवी गाडी आता स्वतःच्या कार्यक्रमात किंवा ऑनलाइन दाखवतात. जिनिव्हाचा शो २०२४ मध्ये लहान प्रमाणावर भरला आणि त्यानंतर आयोजकांनी तिथला शो बंदच केला. जर्मनीचा आयएए मोटार शो २०२१ मध्ये फ्रँकफर्ट सोडून म्युनिकला गेला आणि गाड्या शहराच्या चौकांतही मांडू लागला. उघड्यावर गाडी मांडली की परागकण, पक्ष्यांची विष्ठा, पाऊस आणि उन्हात वाळलेल्या थेंबांचे क्षारांचे डाग, सगळंच आलं. विष्ठा तर वाळायच्या आत, ओल्या फडक्याखाली भिजवून उचलायला हवी, नाहीतर क्लिअर कोटवर खूण राहते. म्हणून उघड्यावरच्या कामासाठी आम्ही क्षार काढून टाकलेलं पाणी बरोबर नेतो आणि सावलीच्या वेळा बघून पाळ्या लावतो.

माणसांबद्दल लिहिल्याशिवाय हे अपुरं राहील. प्रेस डेच्या, म्हणजे पत्रकारांसाठीच्या दिवसाच्या, आदल्या रात्री स्टँडवरचा प्रत्येक जण थकलेला असतो आणि थकलेला हात जड पडतो. त्यामुळे आमच्याकडे सलग दोन पाळ्या कुणीच करत नाही, तातडीच्या वेळीसुद्धा. माणसं जास्त लागतात, नफा कमी होतो. तरी ही गोष्ट मी सोडणार नाही, कारण पहाटे तीन वाजता काळ्या बोनेटवर फिरणारा हात ताजाच हवा. शो उघडल्यावरही सुटका नसते. लोक दार उघडतात, स्टिअरिंग धरतात, मुलं काचेला नाक लावतात. आतल्या चकचकीत काळ्या (पियानो ब्लॅक) पट्टीवर बोटांचे ठसे तर सारखेच. गर्दीत आमची मुलं अंगावर धातूची झिप, पट्ट्याचं बक्कल, घड्याळ, अंगठी काहीही न घालता वावरतात, ठसे टिपतात आणि पाहुण्यांना आपण आडवे येत नाही ना हेही बघतात.

शेडमध्ये आता एका एलईडी दिव्याखाली काळ्या रंगाचं जुनं बोनेट कायमचं मांडलं आहे. नवीन येणाऱ्यांचा सराव त्याच्यावर चालतो. रेघ न उमटवता ते पुसता आलं की मगच हॉलचा पास. पुढच्या शोसाठी आम्हाला माणसं हवी आहेत. मशीनचा अनुभव नसला तरी चालेल, रात्रपाळीची तयारी मात्र हवी.